डोळ्यामागचा फोटो

लहान मूल सकाळी उठल्याबरोबर डोकं धरून बसत असेल, ओकारी झाली की त्याला जरा बरं वाटत असेल, आणि दुपारी ते काहीच न झाल्यासारखं अंगणात खेळत असेल, तर त्याला खोटारडं म्हणू नका. आधी त्याच्या डोळ्यांच्या मागं काय चाललंय ते डॉक्टरकडून बघून घ्या. मला सांगायचं होतं ते एवढंच. ज्यांना घाई आहे त्यांनी वाचन इथंच थांबवावं आणि मुलाला घेऊन निघावं.

बाकीचं, दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसलेल्यांसाठी.

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे वडील, आबा, शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकामाचे साचे करणारे मोल्डर होते आणि तिथल्या युनियनचं काम करायचे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती अंकलिपीवर नाही, 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. पत्रकाचं एक बरं असतं. वर अन्याय, मधे पुरावा, खाली मागणी. वाचून होईपर्यंत कोण चूक आणि कोण बरोबर हे स्वच्छ झालेलं असतं.

माझ्या आजारपणाचं असं एक पत्रक लिहायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. मजकूर मधेच अडकतो. मागणी कुणाकडं करायची, हे मला अजून कळलेलं नाही.

दोन गुरुजी

मी पाचवीत होते. सकाळी जाग यायची ती डोकेदुखीनंच. कुणीतरी आतून कवटी ढकलतंय असं वाटायचं. मोरीत जाऊन ओकले की दुखणं उतरायचं. मग मी भाकरी खायची, दप्तर उचलायची आणि शाळेत जायची. म्हणूनच कुणाला ते खरं वाटेना.

नळावर कळशी भरायला वाकले की डोळ्यांपुढं अंधार यायचा. सिनेमा सुरू होताना दिवे विझतात, तसा. सरळ उभं राहून श्वास घेतला की दिवे परत लागायचे. आणि कानात सतत एक आवाज असायचा, फौंड्रीत भट्टीला वारा घालणाऱ्या ब्लोअरसारखा. घूं, घूं. छातीच्या ठोक्याबरोबर. मला वाटायचं, हा सगळ्यांनाच ऐकू येत असणार. आपण सांगतो का कुणाला की मला माझा श्वास ऐकू येतो म्हणून?

एके दिवशी वर्गात फळ्यापुढं दोन गुरुजी दिसायला लागले. मी ते सांगितलं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "एक झेपंना, आन दुसरा कुठला आणलास गं?"

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आई म्हणायची, पित्त. गडमुडशिंगीचा मामा दुधाच्या किटल्या पोचवून आमच्याकडं चहाला थांबायचा. तो म्हणाला, "आक्का, शाळा बुडवायची कळा हाय ही. मी बी असाच ओकायचो." मामीनं मीठमोहऱ्या ओवाळायचं सुचवलं, तेव्हा आबा कडाडले, "माझ्या घरात असलं काय चालायचं न्हाई." त्यांच्या मते दोष शाळेचा होता. वर्गाला एक खिडकी, तीही बंद. पोरांच्या डोळ्यांवर ताण येणार नाही तर काय? त्यांनी अंधाऱ्या वर्गाविरुद्ध एक मजकूर लिहायलासुद्धा घेतला. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्याच, आबा कामावर गेल्यावर.

मला सगळ्यांचंच पटायचं. पित्तही असेल, दृष्टही लागली असेल, वर्गही अंधारा होताच. आणि कधीकधी वाटायचं, मामा म्हणतो तेही असेल. आपण शाळा बुडवायला ओकतोय आणि आपल्यालाच ते माहीत नाही.

फुगणारी भाकरी

आधी आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एकेक भिंग बदलून बघितलं. कुठल्याच भिंगातून दोनाचा एक होईना. त्यानं पेटी मिटली आणि म्हणाला, "ह्ये नंबरचं काम न्हवं. डॉक्टर सबनिसांना दाखवा."

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. बाहुली मोठी होईपर्यंत बाकावर बसवलं. मग माझ्या इतक्या जवळ आले की त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता. एका बारीक दिव्यातून त्यांनी आत बघितलं. उजवा, डावा, परत उजवा. त्यांनी दिवा बंद केला आणि आबांना दाराजवळ नेलं. दार उघडंच होतं.

"हा डोळ्याचा आजार नाही," ते म्हणाले.

"मग डोळं का बिघडल्यात?"

"डोळ्याच्या मागून एक नस मेंदूकडे जाते. ती जिथून निघते तो भाग सुजलाय. दोन्ही डोळ्यांत. कवटीच्या आतला दाब वाढला की असं होतं."

"कशानं वाढतोय दाब?"

"गाठ असू शकते. नसूही शकते."

"म्हंजे हाय का न्हाई?"

"मला इथून सांगता येणार नाही. इथून फक्त दाब दिसतो. कारण दिसत नाही."

आबा परत आले आणि माझा हात धरला. आईनं विचारलं, "काय म्हणालं?" आबा म्हणाले, "फोटो काढायचाय." आईला हायसं वाटलं. फोटोनं कुणाचं वाईट झालंय?

डोळ्याच्या आतला फोटो काढणारा कॅमेरा डॉक्टरांकडं नुकताच आला होता, कुणाचा तरी वापरलेला. गावात तसा दुसरा नव्हता म्हणायचे. हनुवटी एका खाचेत, कपाळ पट्टीला टेकवलेलं, आणि समोर तोफेसारखी नळी. "त्या हिरव्या ठिपक्याकडं बघ. हलू नकोस." मग उजेडाचा असा फटकारा बसायचा की खोली बराच वेळ जांभळी दिसायची.

दवाखान्यात डार्करूम नव्हती. फिल्म एका स्टुडिओत धुवायला जायची. सिनेमाच्या गावात फोटो धुणारे काही कमी नव्हते.

फोटो आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला दोन शेजारी शेजारी दाखवले. "हा आमच्या कंपाउंडरचा डोळा. हा हिचा." कंपाउंडरच्या फोटोत, ती नस जिथून निघते तिथं, करड्या आभाळात एक स्वच्छ पांढरा चंद्र होता, रेखीव कडेचा, आणि त्यातून नदीनाल्यांसारख्या शिरा निघालेल्या. माझ्या फोटोत चंद्राला कडाच नव्हती. आई बघत राहिली आणि म्हणाली, "तव्यावर भाकरी फुगाय लागल्यावानी दिसतंय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि हे काळे फराटे दिसतात ना, ते बारीक रक्तस्राव आहेत."

माझ्या डोक्यात काय चाललंय हे मला न विचारता कुणीतरी बघू शकतं, याचं मला नवल वाटलं. आणि बरंही वाटलं. आता मामा काही बोलू शकणार नव्हता.

पुणे, पहिल्यांदा

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात कवटीचे एक्स-रे झाले. मानेच्या नसेत औषध सोडून आणखी फोटो काढले. ते औषध चेहऱ्यातून चढताना निखारा गिळल्यासारखं वाटतं. कुणी आधी सांगितलं नव्हतं. मुलांना आधी सांगत जा. भाजणार आहे हे माहीत असलं की कमी भाजतं.

तिथले सर्जन उंच आणि तुटक बोलणारे होते. "गाठ दिसत नाही," ते म्हणाले. "पण दिसत नाही म्हणजे नाही, असं मी म्हणणार नाही. नक्की बघायचं तर कवटीला भोकं पाडून आत हवा भरायची आणि फोटो काढायचे. लहान पोर आहे, त्यात जोखीम आहे. गोळ्यांनी सूज उतरत असेल तर मला ते करायचं नाही."

"आन उतरली न्हाई तर?"

"नस सुकत जाते. नजर एकदा गेली की परत येत नाही. कोल्हापुरात डोळ्यांचे फोटो काढत राहा आणि मला पाठवा. कडा स्पष्ट व्हायला लागली तर थांबू. तशीच राहिली किंवा वाढली, तर पोरीला घेऊन ताबडतोब या."

म्हणजे माझ्या कवटीला भोक पडणार की नाही, आणि मला पुढं दिसणार की नाही, हे आता त्या चंद्राच्या कडेवर ठरणार होतं.

येताना एस.टी.त आई-आबा भांडले. आई म्हणत होती, तिथंच करून टाकायचं होतं. आबा म्हणत होते, पुराव्याबिगर पोरीचं डोकं फोडाय देऊ व्हय? मी खिडकीला टेकून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. दोघांचंही बरोबर वाटत होतं.

पुरावा

गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या आणि सारखं लघवीला जावं लागायचं. काही आठवड्यांनी डॉक्टर सबनिसांनी परत फोटो काढले.

फोटो आले, आणि चंद्राला कडा होती. गोल, रेखीव. फराटेसुद्धा गेले होते.

आबांनी तो फोटो उजेडाकडं धरला, परत धरला. मग दवाखान्यातच खाली बसले. डॉक्टर मात्र खुश दिसेनात. त्यांनी परत दिव्यातून आत बघितलं.

"मला अजून सूज वाटते," ते म्हणाले. "पण फोटोत तर इतकं स्वच्छ आलंय. कॅमेऱ्याला काही माया नसते. माझाच डोळा चुकत असेल."

पुण्याला ट्रंक कॉल झाला, फोटो गेला. तिकडून निरोप आला: सुधारणा आहे, थांबा.

फोटोची एक प्रत आम्हाला मिळाली होती. आईनं ती देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीला टेकवून ठेवली, हळदकुंकू लावून. आबांनी बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. मामा पेढे घेऊन आला.

आणि इथून पुढचे दिवस मला सगळ्यांत अवघड वाटतात. सुया आणि भोकं यांच्यापेक्षा अवघड.

कारण मला बरं वाटत नव्हतं. अंधार आता वाकल्यावरच नाही, नुसती उठून उभी राहिले तरी यायचा आणि लवकर जायचा नाही. डाव्या बाजूनं कोण आलं ते कळायचं नाही. ताट वाढलं तरी डावीकडची चटणी मला दिसायची नाही. आई म्हणायची, "तोंडापुढं हाय की गं!"

एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, मला दिसंना झालंय."

ते पत्रकाचा मजकूर तपासत होते. उठले, देव्हाऱ्यातला फोटो घेऊन आले आणि माझ्यापुढं धरला. ओरडले नाहीत, मऊपणानंच बोलले. "हे बघ. सूज उतरलीय. कागदावर आलंय. तुझ्या मनात भ्या बसलंय, दुसरं काय न्हाई. पुरावा हाय की, शैले."

आमच्या घरात त्या शब्दापुढं कुणी बोलत नसे. देवऋष्याला, मालकाला, पुढाऱ्याला आबा एकच विचारायचे: पुरावा दाखव. तो माझ्यापुढं होता. मी फोटोकडं बघितलं, फोटो दोन दिसले, आणि मला वाटलं, मीच खोटी आहे. डोकं दुखत नाही, मला दुखल्यासारखं वाटतं. अंधार येत नाही, मी तो आणते. मग मी सांगायचं बंद केलं. सकाळी मोरीत ओकताना तांब्यानं पाणी ओतत राहायची, आवाज जाऊ नये म्हणून.

ज्या आईबापांनी इथवर वाचलंय त्यांना विनंती. एखादं दुखरं मूल एकाएकी तक्रार करायचं थांबलं, तर पेढे वाटू नका.

तांबडा दिवा

आईनं बोलून ठेवलं होतं की पोरगी बरी झाली की सगळ्यांचा एक फोटो काढायचा. म्हणून आम्ही त्याच स्टुडिओत गेलो. मालक बाहेरगावी होते. खिडकीशी उतरत्या मेजावर एक वयस्कर माणूस डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोवर ब्रश फिरवत होता. ते गुलाबभाई, स्टुडिओचे रिटचिंगवाले. देवीचे वण, फुटका दात, कपाळावरची खोक, सगळं ते फोटोतून घालवायचे. पेठेत म्हण होती, वधू पसंत पडते ती गुलाबभाईंच्या हातानं.

"या पावणं, या वैनी. बसा."

आबांना गप्प बसवेना. "आमच्या पोरीच्या डोळ्याचं फोटो तुमच्याकडंच धुवाय येतात न्हवं? डॉक्टर सबनिसांच्याकडनं?"

गुलाबभाईंनी भिंग काढलं. "ही व्हय ती? अगं ये की हिकडं! तुझ्या डोळ्यापायी माझं डोळं गेलं!"

"का ओ?"

"पयल्या खेपेला मी उरुसाला गेलतो गावाकडं. मालकांनी आलं तसंच दिलं धाडून. परत आल्यावर बघितलं आन लाज वाटली मला. दुसऱ्या खेपेला म्हटलं, न्हाई, ह्ये काम आपण बसून करायचं. सगळी कड इस्कटल्याली, जणू फोकसच न्हाई. ती बसवली. काळं डाग पडलतं, ते काढलं. मग त्याची परत कॉपी काढली, म्हंजे ब्रश फिरवल्यालं कळाय नको. डॉक्टरला तरी कळलं का?"

आबांचा चेहरा मला आठवत नाही. मी त्यांच्या उजवीकडं होते आणि तो माझ्या डाव्या बाजूला होता. आवाज आठवतो.

"कुणी सांगितलं तुम्हास्नी?"

"सांगाय कशाला पायजे? पाकिटावर पोरीचं नाव. उद्या स्थळं येत्यात. पोरीचा फोटो डागासकट ह्या दुकानातनं भाईर पडत न्हाई, पावणं. आजवर एक बी न्हाई."

ते अभिमानानं हसत होते. आई कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती, ती तशीच राहिली.

"गुलाबभाई," आबा म्हणाले, "ते डाग आजाराचं हुतं."

"डोळ्यातला आजार? आन तो फोटोत येतो?" त्यांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मेजाकडं बघितलं, आणि ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवून दिला. खूप हळू ठेवला. "निगेटिव्ह हाय," ते म्हणाले. "निगेटिव्हला हात लावल्याला न्हाई मी. चला आत."

डार्करूममध्ये तांबडा दिवा होता. आम्ही तिघं त्यांच्यामागं दाटीनं उभे राहिलो. त्यांनी यंत्राखाली कागद ठेवला, उजेड दिला, कागद ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात सोडला आणि ट्रे हलवायला लागले. आधी काहीच नव्हतं. मग करडेपणा आला. शिरा आल्या, एकेक, वाकड्यातिकड्या. फराटे आले, पहिल्या फोटोपेक्षा जास्त. आम्ही कडेची वाट बघत होतो. आता येईल, आता येईल. गुलाबभाई ट्रे हलवत राहिले. कडा आलीच नाही.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दिसंना झालंय म्हणत हुतीस."

"व्हय."

"अजून तसंच हाय?"

"वाढलंय," मी म्हणाले. आणि मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. कसं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी खरी होते. मी फार आजारी होते, आणि मी खरी होते.

तो ओला फोटो घेऊन आम्ही तसेच डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर सबनिसांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. चष्मा काढला. "मला दिसत होतं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना दिसत होतं." त्याच दिवशी आम्ही पुण्याची एस.टी. पकडली. सगळ्यांचा फोटो राहिला तो राहिलाच.

हवा

डोकं भादरलं. वेणी कापून खाली पडली तेव्हा आईनं ती फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, मी मागेन म्हणून. मी कधी मागितली नाही.

वॉर्डात दिवस फार लवकर सुरू व्हायचा. फिनेलचा वास, थर्मामीटर, पातळ चहा, मग डॉक्टरांची फेरी. फेरी आली की नातेवाइकांनी बाहेर जायचं. दारातून आई बघत असायची, आणि मला ती दोन दिसायची. मी मनात म्हणायची, बरंच आहे, दोन आया आहेत. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची एक मुलगी होती, तिचं डोकं माझ्याआधी भादरलेलं. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुझं बी डोक्याला लावायचं तेल वाचलं, न्हाय का?" त्या आजारपणात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

कवटीच्या मागच्या बाजूला दोन भोकं पाडली, आत हवा सोडली, फोटो काढले. त्यानंतरच्या डोकेदुखीबद्दल मी लिहिणार नाही. ती जाते, एवढं लिहिते.

गाठ नव्हती.

गाठ नाही हे नक्की झाल्यावर पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. सर्जन म्हणाले, पाणी फार जोरात आलं. मला त्यातलं काही दिसत नव्हतं, मी कुशीवर पडून भिंतीकडं बघत होते. एकाएकी फार शांत वाटलं. इतकं, की मी घाबरले. मग कळलं, कानातला ब्लोअर थांबला होता.

आबांनी सर्जनना गाठून विचारलं, "साहेब, मग कशानं झालं हे?"

"कळत नाही. काही मुलांना होतं."

"पर काय तर कारण असंलच की."

"असेल. मला माहीत नाही."

आबा बाहेर बाकावर येऊन बसले. आयुष्यभर त्यांनी साहेब लोकांशी वाद घातले होते. माहीत असून लपवणारे, माहीत नसून मिरवणारे, दोन्ही बघितले होते. सरळ 'माहीत नाही' म्हणणारा साहेब त्यांना पहिल्यांदा भेटला होता, आणि त्याच्याशी काय वाद घालायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

तशा सुया पुढं आणखी टोचाव्या लागल्या. हळूहळू दोन आयांची एक झाली. उजव्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू आली नाही.

न छापलेलं पत्रक

घरी आल्यावर आबा मजकूर लिहायला बसले. मी बघत होते. मला तो जहाल हवा होता. त्यांनी वरची ओळ लिहिली, खोडली. स्टुडिओविरुद्ध? गुलाबभाईंना कुणी सांगितलं होतं की हा फोटो स्थळांना दाखवायचा नाही म्हणून? डॉक्टरांविरुद्ध? त्यांना कसं ठाऊक असणार की आपल्या गावात पोरीचा फोटो दुरुस्त केल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही? कॅमेऱ्याविरुद्ध? तो नसता तर पुण्याला काहीच कळलं नसतं. शेवटी आबांनी कागद चुरगाळला. "कुणावर वरडू, शैले?" ते म्हणाले. "सगळ्यांनी चांगलंच कराय बघितलं."

मला ते तेव्हा पटलं नाही. आज मी स्वतः पत्रकं लिहिते आणि आजही पूर्ण पटत नाही. एवढं मात्र ठामपणे लिहीन. फोटो काढणाऱ्यानं फोटो धुणाऱ्याला तो कशासाठी आहे ते सांगावं. आणि फोटो व मूल यांचं जुळत नसेल तर दोघांनाही परत विचारावं, पण आधी मुलाला.

गुलाबभाई एकदा घरी आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आई म्हणाली, "माझ्या पोरीची नजर गेली असती की ओ." ते म्हणाले, "व्हय, वैनी." आईनं चहा दिला. जाताना माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघून म्हणाले, "केस येतील. दाट येतील."

तसंच

पुढं दर वर्षी माझ्या डोळ्यांचे फोटो निघत राहिले. पाकीट दुकानात आलं की गुलाबभाई मेजावरून उठून चहाला निघून जायचे. म्हणायचे, "हात शिवशिवतो, बसून ऱ्हायलो तर."

परवा डॉक्टर सबनिसांनी शेवटचा फोटो काढला. आता गरज नाही म्हणाले. तो आणायला मी एकटीच स्टुडिओत गेले. चंद्राला कडा होती. गोल, रेखीव, फराटा एकही नाही. मला ओळखीचं वाटलं आणि लगेच कळलं का ते. गुलाबभाईंनी कड बसवलेला फोटो आमच्या देव्हाऱ्यात अजून टेकवलेला आहे, हा हुबेहूब तसाच. आईनं तो काढला नाही आणि आबांनी कधी काढायला लावला नाही.

डॉक्टरांनी मला आधीच समजावलं होतं. सूज पूर्ण उतरली की कडा स्वच्छ होते. आणि नसेतले काही धागे कायमचे मेले, तरीही ती स्वच्छच दिसते, फक्त चंद्र जरा जास्त पांढरा. माझ्या डाव्या डोळ्यात दोन्ही झालं होतं. बरं होणं आणि गमावणं, एकाच गोल रेघेत.

"बघू का?" गुलाबभाई चहा संपवून आले होते. "हात न्हाई लावत. नुसतं बघतो."

मी फोटो पुढं केला. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. आणि लहान पोरासारखे ओरडले, "आरं तिच्या! मी काढलतं तस्संच आलंय की गं!"

माझ्या तोंडाशी एक अख्खं पत्रक आलं होतं. वर अन्याय, मधे पुरावा. ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा बघायला मला सगळी मान वळवावी लागली. ते रडत होते आणि हसत होते.

"व्हय," मी म्हणाले. "तस्संच आलंय."